कबुतरांची सर्दी आणि माझा डावा डोळा

हिंगणघाट,
बुधवार, ता. ११ डिसेंबर १९५७

रा. रा. प्रभाकरराव यांस,

आपल्या एकुलत्या एका मेहुण्याचा, म्हणजे माझा, दोन्ही हात जोडून रामराम. (दोन्ही हात जोडायला लेखणी खाली ठेवावी लागली, यावरून रामराम मनापासून आहे हे ध्यानात यावं.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून तसं लिहितो, खरं काय ते पुढे येईलच. वहिनींचा गुडघा या थंडीत कसा आहे? आपल्या डेपोतला दारूगोळा सुखरूप असेल अशी आशा आहे. त्याची खुशाली विचारण्यात माझाही थोडा स्वार्थ आहे, कारण पुलगाव इथून काही फार लांब नाही. आपली बहीण अन्नपूर्णा ठणठणीत आहे. तिचा आवाज तर हल्ली इतका खुलला आहे की वणा नदीवर धुणं धुणाऱ्या बायांना आमच्या घरात आज कोणाचं काय चुकलं ते घाटावरच कळतं.

पत्रास कारण कबुतरं. हा शब्द वाचून आपल्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्या तशाच राहू द्या, पुढे लागतील. सोयरीक ठरवायला आपण आमच्या घरी आला होता तेव्हा आपण विचारलं होतं, मुलाला काही नाद आहे का? त्यावर माझ्या काकांनी सांगितलं होतं की पाखरांना दाणे टाकतो, पुण्याचं काम आहे. त्यात खोटं काही नव्हतं. किती पाखरांना आणि कामावरून आल्यावर किती वेळ, एवढंच सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून आजपर्यंत परसातली माझी ढाबळ कधी रिकामी राहिली नाही. गेल्या दिवाळीला तीत अकरा कबुतरं होती आणि त्यांत सगळ्यांत थोरली मखमल. ही काळी मादी आमच्या लग्नाच्या वर्षीची आहे. वर्ध्याच्या फलाटावर सोडली तर पाऊण तासात घरी येते. (मला तोच प्रवास पॅसेंजरने करायला अर्धा दिवस लागतो, आणि येताना कोणी माझी वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसलेलं नसतं.)

आता मूळ गोष्ट. भाऊबीजेला अन्नपूर्णा आपल्याकडे ओवाळायला आली होती, आपण तिला मोरपंखी लुगडं दिलंत, त्याच दिवशी संध्याकाळी मी परसात उभा राहून माझी टोळी उतरवत होतो. आमच्या या नादात एक रिवाज आहे, तो आपल्याला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. आभाळात दुसऱ्याचं कबूतर आपल्या टोळीत मिसळलं आणि आपल्या शिट्टीवर आपल्या ढाबळीवर उतरलं, तर ते आपलं. मालक मागायला आला तर द्यायचं की नाही हे आपल्या मर्जीवर. असं परकं कबूतर धरणं ही फार मोठी शान. आणि धरल्यावर त्याला वेगळं ठेवायचं नाही, पहिल्याच दिवशी आपल्या कबुतरांत सोडून, एकाच परातीत दाणे आणि एकाच कुंड्यात पाणी द्यायचं, म्हणजे ते घरचं होतं. तर त्या दिवशी एक राखी रंगाचा, पांढऱ्या शेपटीचा देखणा नर माझ्या टोळीत मिसळला. मी शिट्टी घातली. तो सरळ उतरला. मी हात पुढे केला तर हातावर येऊन बसला! सोळा वर्षं कबुतरं पाळतो आहे, परक्या कबुतराने माझा इतका मान कधी ठेवला नव्हता. मी गल्लीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मोतीलाल उस्ताद बघायला आले. यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पण कबुतरांच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी दाराशीच पेढा तोंडात टाकला, नर हातात घेतला, त्याची चोच कानाशी धरली आणि पेढा चघळायचं थांबवलं. म्हणाले, "रूपरावजी, तुमच्या शिट्टीनं नाई उतरला हा. दम नाई राह्यला म्हनून पडला." मी नीट पाहिलं. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं, उजवा कोरडा. श्वास घेताना गळ्यात घरघर होत होती आणि श्वासागणिक शेपटी खालीवर हलत होती. तोपर्यंत एक रात्र आणि अर्धा दिवस तो माझ्या अकरा जणांबरोबर एकाच कुंड्यात चोच बुडवत होता. आणि मी पेढे वाटून मोकळा झालो होतो.

आठ-दहा दिवसांत सगळी ढाबळ शिंकायला लागली. प्रभाकरराव, कबुतराची शिंक आपण ऐकली आहे का? शाळेतल्या पोरीने हसू दाबावं तसा बारीक आवाज होतो. पहिल्या दिवशी मलाही हसू आलं. मग दाणे तसेच राहायला लागले, कबुतरं पिसं फुगवून, मान आत ओढून कोपऱ्यात बसायला लागली, एकेकाचा एकेक डोळा चिकटला, तेव्हा हसू गेलं. राखी नर सर्वांत आधी गेला. त्यानंतर निळ्या गेला, या वर्षीचंच पिल्लू, नुकतं भरारी घ्यायला शिकलं होतं. मी त्याला वणेच्या काठी पुरलं आणि तिथेच बसून रडलो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आपणही वहिनींपलीकडे जाऊ देऊ नका.

मग उपाय सुरू झाले. मोतीलाल उस्तादांनी ओव्याची धुरी सांगितली. मी शेगडीवर ओवा टाकून ढाबळ चहूकडून पोत्यांनी झाकली. धूर छान झाला. इतका छान झाला की शेजारच्या धुरपताबाईंना वाटलं आग लागली, आणि त्यांनी कुंपणावरून दोन बादल्या पाणी नेमकं ढाबळीवर ओतलं. (बाईंचा नेम पाहून मला त्याही स्थितीत कौतुक वाटलं.) म्हणजे ज्यांना सर्दी होती त्यांना मी आधी धुराने गुदमरवलं आणि मग धुरपताबाईंनी आंघोळ घातली. मग लसणाचा तुकडा झाला, हळदीचं पाणी झालं. जनावरांच्या दवाखान्यात गेलो तर तिथे छापील अर्जात बैल, गाय, म्हैस, शेळी एवढीच सदरं. आपण सगळे मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो त्याला वर्ष झालं, पण अर्ज अजून मध्यप्रदेशाचेच आहेत आणि दोन्ही राज्यांत कबूतर बसत नाही. कारकून भला माणूस होता. त्याने 'इतर' म्हणून लिहून घेतलं आणि सांगितलं की 'इतर' बघणारे साहेब मंगळवारी येतात. मी तीन मंगळवार गेलो. साहेब अजून यायचे आहेत.

इथे आमच्या जिनाच्या डॉक्टरसाहेबांची ओळख करून देतो. मी कापूस तोलणारा काटाबाबू आहे हे आपण जाणताच. या हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात, रुईचे तंतू हवेत तरंगतात आणि सगळं जिन खोकतं. त्यामुळे डॉक्टरसाहेब कोणीही खोकत आला की वर न बघता लाल मिक्स्चर देतात. पण त्यांच्या कुलुपाच्या कपाटात नागपूरहून आलेल्या नव्या पिवळ्या कॅप्सुली होत्या. हमालांच्या मुकादमाचा छातीचा आजार त्यांनी चार दिवसांत हटला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती कॅप्सूल मला कबुतरांसाठी हवी होती. कबुतरांसाठी मागितली असती तर साहेबांनी मला दाराबाहेर काढलं असतं. म्हणून मी ठरवलं की कबुतरांचा आजार आपल्याला झाला आहे असं सांगायचं. लक्षणं मला तोंडपाठ होती.

डाव्या डोळ्याला कांदा चोळून मी दवाखान्यात गेलो. साहेबांनी विचारलं, काय होतंय? मी सांगितलं, डाव्या डोळ्यातून पाणी येतं, उजव्यातून नाही. साहेबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. गळ्यात घरघर आहे, म्हणालो. श्वास घेताना पाठीचा खालचा भाग हलतो. (शेपटी म्हणणार होतो, वेळेवर सावरलो.) साहेबांनी विचारलं, भूक? इथे घात झाला. मी म्हणालो, "साहेब, चार दिवसांपासून दाणा टिपला नाही. नुसता अंग फुगवून कोपऱ्यात बसून असतो." साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग त्यांनी माझी नाडी पाहिली, डोळा पाहिला, जीभ पाहिली, आणि इंग्रजीत स्वतःशीच काही बोलले. त्यांनी आयुष्यात असा रोगी पाहिला नव्हता. बारा कॅप्सुली दिल्या, चार दिवसांची रजा लिहून दिली आणि घरी निरोप पाठवला की याला वेगळं ठेवा, तिखट, तेलकट आणि काम बंद.

रजा मिळाली याचा आनंद मी घरी पोचेपर्यंतच झाला. निरोप माझ्याआधी पोचला होता. अन्नपूर्णेने माझी खाट पडवीत टाकली होती, ताटवाटी वेगळी काढली होती आणि अडुळशाचा काढा उकळत ठेवला होता. चार दिवस मी पातळ वरण आणि भाताची पेज खाल्ली. त्या चार दिवसांत घरात भरली वांगी झाली, ठेचा झाला, एकदा पाटवडीचा रस्साही झाला आणि त्याचा वास पडवीत येत राहिला. एरंडेलाने माझे दोन्ही गुडघे चोळले गेले. (गुडघ्यांचा काय संबंध असं विचारलं तर उत्तर मिळालं, "आजार कुठून कुठं जाईल, काय नेम?" वहिनींना हा उपाय जरूर करावा, गुडघ्यांना खरोखर बरं वाटतं.) मी तक्रार करू शकत नव्हतो, कारण रोगी होतो.

ती घाटावर धुणं घेऊन गेली की मी ढाबळीत जात असे. आणि इथे मी ती चूक केली, जी आमच्यातल्या कोणीही केली असती. अशक्त कबूतर कुंड्यातून पीत नाही. त्याला पाजायची आमची रीत अशी, की पाणी आपल्या तोंडात घ्यायचं आणि त्याची चोच आपल्या ओठांत धरायची. मग ते आईच्या चोचीतून घ्यावं तसं विश्वासाने पितं. मला माझ्या काकांनी असंच शिकवलं, काकांना त्यांच्या उस्तादांनी. मी कॅप्सूल उघडून ती पिवळी पूड तांब्याभर पाण्यात कालवत असे, गुळणीभर पाणी तोंडात घेत असे आणि एकेकाला पाजत असे. पूड अशी कडू की माझी जीभ दिवसभर पिवळी राहायची. ती पाहून अन्नपूर्णा धुरपताबाईंना म्हणाली, "कावीळबी झाली वाटते," आणि काढ्याची मात्रा दुप्पट झाली.

पण प्रभाकरराव, कबुतरं बरी झाली! तिसऱ्या दिवशी घरघर कमी झाली, पाचव्या दिवशी डोळे उघडले, आठव्या दिवशी तुरेवाला नर पुन्हा घुमायला लागला. मखमल शेवटपर्यंत पडून होती. तिला मी पदरात घ्यावं तसं धोतराच्या सोग्यात घेऊन बसत असे. एका सकाळी तिने माझ्या बोटाला चोच मारली, चांगली जोराने, आणि मला इतका आनंद झाला की मी ते बोट मोतीलाल उस्तादांना दुकानात नेऊन दाखवलं. दहाही वाचली. कामावर परत गेल्यावर डॉक्टरसाहेबांनी मला तपासलं, वहीत 'पूर्ण बरा' असा शेरा मारला आणि त्या औषधाच्या गुणाबद्दल नागपूरच्या आपल्या गुरुजींना पत्र लिहायला घेतलं.

त्यानंतर आठवड्याने मला थोडीशी कणकण आली. तीन-चार दिवस असेल, फारसं काही नाही, डोकं जरा दुखलं, कोरडा खोकला. आपण काळजी करू नये. अन्नपूर्णेने घाबरून डॉक्टरसाहेबांना घरी आणलं. साहेबांनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या मते हा तोच आजार होता, औषध दिल्यावर उलटलेला. म्हणजे औषध फसलं, म्हणजे नागपूरला लिहिलेलं पत्र फसलं. ते म्हणाले, हा रोगी मोठ्या इस्पितळात पाठवला पाहिजे, तिथे पाच-सहा डॉक्टर याला रोज बघतील. तेव्हा मी उठून बसलो आणि सगळं कबूल केलं. कांदा, डावा डोळा, शेपटी, सगळं. मला वाटलं आता माझी नोकरी जाते. साहेबांनी नळी कानातून काढली, खिशात ठेवली आणि विचारलं, "कबुतरं किती वाचली?" मी म्हणालो, दहा. "बारापैकी?" हो. साहेब म्हणाले, "बारापैकी दहा," आणि खूश होऊन त्यांनी पुन्हा एकदा माझी जीभ पाहिली. मग त्यांनी समजावून सांगितलं की हा जंतूंचा आजार आहे, पाखरांच्या श्वासातून आणि विष्ठेतून माणसाच्या छातीत जातो, आणि जो माणूस आजारी पाखराची चोच आपल्या तोंडात घेतो त्याला तो होणार नाही तर कोणाला होणार. दुर्दैवाने हे सगळं त्यांनी अन्नपूर्णा चहा घेऊन आत आली तेव्हाच सांगितलं.

पुढचं आपण आपल्या बहिणीला लहानपणापासून ओळखता, त्यामुळे लिहायला नको. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी सावरलो असतो. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "या घरात मी राहीन, नाई तं कबुतरं. रविवारच्या आत काय ते ठरवा. मले पुना सांगा लावू नका." मी ठरवलं. म्हणजे तिने ठरवलेलं मी ऐकलं. मोतीलाल उस्तादांना विचारलं, पण आजार होऊन गेलेली कबुतरं गावात कोणी दाराशी घेत नाही. खाटकाला द्यायची सूचना एकाने केली, त्याच्याशी मी आता बोलत नाही.

तेव्हा विनंती अशी. आपल्या घरामागे गोठा रिकामा आहे. या माझ्या दहा कबुतरांना आपण आसरा द्यावा. टोपली हीच चिठ्ठी घेऊन येणारे गार्ड ओमप्रकाश उद्या गुरुवारी वर्ध्याला गाडी बदलून आपल्याकडे पोचवतील. डॉक्टरसाहेबांनी कबुतरांना तपासून (आधी नको म्हणत होते, मग स्वतःच दोन वेळा आले) आता ती धड आहेत असं सांगितलं आहे. तरी हात साबणाने धुवावे आणि कोणत्याही परिस्थितीत कोणाचीही चोच तोंडात घेऊ नये. ज्वारी सोबत ठेवली आहे. मी नाद सोडला. माणसाने कधीतरी शहाणं व्हायचं असतं, ते मी बेचाळिसाव्या वर्षी झालो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
रूपराव

ता. क. नाद सोडला हे वर लिहिलं ते अन्नपूर्णेला वाचून दाखवण्याजोगं असावं म्हणून लिहिलं. तिला मी सांगितलं आहे की हे पुरुषांचं कामाचं पत्र आहे, त्यामुळे ती वाचणार नाही. तरी सावधगिरी बरी.

ता. क. दुसरा. आता खरी विनंती. टोपली मिळाली की दोन दिवस पाखरांना पोटभर खाऊ घाला. मग रविवारी सकाळी ऊन चढल्यावर गावाबाहेर मोकळ्या शेतात जाऊन टोपली उघडा. एवढंच. पुढचं ती बघून घेतील. मी दिली होती, ती आपल्या मनाने परत आली, यात माझा काय दोष? पुलगावाहून ती कधी सुटलेली नाहीत, वर्ध्यापेक्षा लांब आहे आणि आजारातून नुकती उठली आहेत, म्हणून माझा जीव टांगणीला आहे. सगळी पोचणार नाहीत हे मला कळतं. पण गोठ्यात कोंडलेली दहा आणि घरी आलेली पाच, यांत मला पाच हवीत. सोडताना कृपा करून डेपोच्या बाजूला जाऊ नका. पहाऱ्यावरच्या शिपायांना कोणी टोपलीतून कबुतरं उडवतंय हे बघून भलतंच काही वाटायचं, आणि आपली नोकरी सरकारी.

ता. क. तिसरा. मखमलला सोडू नका. ती टोपलीत तळाशी, काळी, उजव्या पंखात एक पांढरं पीस. तिच्या छातीत अजून घरघर आहे. तिला उघड्यावर सोडलं तर ती निघेल, कारण तिला घराशिवाय दुसरं काही ठाऊक नाही, आणि वाटेत कुठेतरी पडेल. तिला आपल्याकडेच राहू द्या. संध्याकाळी ती हिंगणघाटाच्या दिशेने तोंड करून बसेल. तेव्हा तिच्याजवळ कोणी थोडा वेळ बसलं तर बरं. हे लिहिताना मला त्रास होतो आहे, म्हणून इथेच थांबतो. अन्नपूर्णेला यातलं काही कळू देऊ नका.

*

दादाले अन्नपूर्णाचा नमस्कार.

पत्र चिकटवाले माह्याजवळ देल्लं, मी वाचलं. चौथीपर्यंत शिकवलं तं वाचीनच न. भाऊबीजेचं लुगडं छान आहे.

तीन-चार दिवस कणकण लिवलं आहे ते खोटं. अकरा दिवस ताप होता, दादा. चौथ्या दिवशी मले वळखलं नाई. तापात नुसतं मखमल मखमल करून राह्यले होते. डॉक्टरनं मले बाजूले घेऊन विचारलं, बाई, ही मखमल कोन? मी सांगतलं कबूतर आहे, तं त्याईले पटे नाई. मले किती भेव वाटला तुले काय सांगू. त्या भेवानं मी बोलली की कबुतरं नाई तं मी. दुसऱ्या खेपेच्या औषधातल्याबी दोन गोळ्या यायनं त्या काळीलेच चारल्या, मले मालूम आहे. तिसरी मी पुढं उभी राहून गिळवली.

टोपली मी भरली. यायले अजून परसात जाऊ देत नाई, म्हनून दहा आहेत असं वाटते. नऊच आहेत. काळी माह्यापाशी चुलीजवळ टोपल्याखाली ठेवली आहे. मले चोच मारते, पन ज्वारी खाते. हे खोकत खोकत सैपाकघराच्या दारापर्यंत येतीन तवा त्याईले आपोआप दिसन, तू काई लिवू नको.

बाकीची रविवारी सोडजो. पन ऊन चांगलं चढू दे, धुई असते सकायी. ढाबळ मी चुन्यानं सारवून ठेवली आहे. आल्यावर मी वरडीन, तेवढं मले लागते.

एक सांगून ठेवतो, दादा. ह्या मानसानं पुना कोन्या कबुतराची चोच तोंडात घेतलेली मले दिसली, तं यायलेच टोपलीत घालून तुह्याकडे धाडीन. अन् ती टोपली उघडजो नको.